सासऱ्यांच्या डब्यातली नाणी: टांकसाळीची चूक कुठली आणि नुसती झीज कुठली?

चिल्लरवाली

नमस्कार मंडळी. सासरे एसटीत कंडक्टर होते. सोलापूर-बार्शी, सोलापूर-अक्कलकोट अशा गाड्यांवर निवृत्तीपर्यंत. तिकिटाच्या बॅगेत एखादं विचित्र नाणं आलं की तेवढेच पैसे खिशातून बॅगेत भरायचे आणि ते नाणं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. डबा आता माझ्याकडे आलाय. दीर म्हणतात यूट्यूबवर असल्या नाण्यांना लाखो मिळतात. नणंद म्हणते भंगारात घाल. मला विकायची घाई नाही, पण काय आहे ते कळायला हवं. फोटो टाकतेय, मोबाइलचे आहेत, समजून घ्या.

१) २५ पैसे, सत्तरच्या दशकातलं. कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडाच नाही.
२) १९८९ चा रुपया. सिंह सरळ धरून पान उलटल्यासारखं फिरवलं की मागचा आकडा डोक्यावर उभा.
३) २ रुपये, अकरा कोनांचं. आकडा दोनदा उमटल्यासारखा.
४) ५ पैसे, चौकोनी ॲल्युमिनियम. दोन्ही बाजू कोऱ्या.
५) पंचम जॉर्जचा पाव आणा. एका बाजूला राजा नीट. दुसऱ्या बाजूलाही राजाच, पण आत खचलेला आणि तोंड उलट्या दिशेला. हा सासऱ्यांना त्यांच्या वडिलांकडून आलाय.
६) १९४४ चा पैसा, मध्ये भोक.

यातली टांकसाळीची चूक कुठली?

गड्डा_जत्रा

लाखो मिळाले की सगळ्यांना शेंगा चटणी पाठवायची बे. आधीच सांगून ठेवतो.

टांकसाळ_वारी

ताई, सहावं आधी बाजूला काढा. तो भोकाचा पैसा. महायुद्धात तांब्याची टंचाई होती म्हणून १९४३ ते १९४७ असे मुद्दाम मध्ये भोक ठेवूनच पाडले. घरोघरी असतात. भोक नसलेला किंवा भोक भलतीकडे सरकलेला निघाला तर मात्र लगेच कळवा.

बाकीच्यांसाठी एकच प्रश्न विचारायचा. हे नाणं टांकसाळीच्या दारातून बाहेर पडण्याआधी असं होऊ शकतं का, आणि होत असेल तर कुठल्या पायरीवर? पत्र्याच्या पट्टीतून चकत्या कापतात. मग चकतीची किनार दाबून थोडी उचलतात. मग चकती कॉलरमध्ये, म्हणजे बाहेरून धरणाऱ्या कड्यात, बसते आणि वर-खाली दोन ठसे आपटतात. दोष यातल्या एखाद्या पायरीवर नेऊन ठेवता आला तर ती चूक. नाही नेता आला, तर ते बाहेरचं काम. कुणीतरी ठोकलंय, घासलंय, रेल्वे रुळावर ठेवलंय.

तुमचं २५ पैसे मला बरं वाटतंय. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की चकती कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीला गोल खाच पडते. पण अशी खाच कानस घेऊन घरीही पाडता येते. म्हणून खाचेच्या बरोबर समोरची कड बघा. किनार उचलताना चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूला दाब बसत नाही आणि तिथली किनार दबकी, पसरट राहते. याला ब्लेक्स्ली परिणाम म्हणतात. कानशीने कापलेल्या नाण्याची समोरची किनार ठणठणीत असते. आणखी एक, खाचेजवळची अक्षरं खऱ्या नाण्यात धातू ओढल्यासारखी थोडी पातळ होत जातात, सुरीने कापल्यासारखी तुटत नाहीत.

कडक_भाकरी

१९८९ चा रुपया माझ्याकडेही आहे पण तो सरळ आहे. उलटा कसा होतो?

टांकसाळ_वारी

ठसा मशिनमध्ये घट्ट बसलेला असतो. तो सैल होऊन फिरला की एक बाजू वाकडी उमटते. आपली नाणी पान उलटल्यासारखी फिरवली की दुसरी बाजूही सरळ दिसायला हवी. दहा-पंधरा अंश तिरपं असणं अगदी सर्रास आहे, त्याला कोणी विचारत नाही. पूर्ण उलटं म्हणजे चांगलं. ताईंचं पूर्ण उलटं दिसतंय.

एक सावधगिरी. अमेरिकेची नाणी मुळातच उलटी असतात, ती वरून खाली उलटावी लागतात. भाच्याने आणलेलं क्वार्टर घेऊन 'एरर सापडला' म्हणत धागा काढणारे दर वर्षी येतात.

अक्कलकोटकर

माझ्या रुपयावर वर्षाखाली काहीच खूण नाही. ना टिंब ना चांदणी. हा एरर ना?

टांकसाळ_वारी

नाही हो. खूण नाही म्हणजे कोलकाता. मुंबईचा चौकट-हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचं गोल टिंब. नोएडाची टांकसाळ १९८८ ची, म्हणजे तिचं टिंब त्याआधीच्या वर्षावर दिसलं तर आधी भिंग पुसा. आणि १९८५ च्या रुपयावर वर्षाच्या पहिल्या आकड्याखाली हिरा किंवा एच अक्षर दिसलं तर तीही चूक नाही. त्या वर्षी नाणी कमी पडली म्हणून काही रुपये ब्रिटनमधून पाडून आणले होते.

मंगळवार_बाजार

ताई, तो पाव आणा लाखी आहे, म्हणजे एकाच बाजूची छाप दुसरीकडे उलटी पडलेला. शंभर टक्के. कुणाला दाखवू नका, मला मेसेज करा, मी बघून योग्य भाव देतो.

गड्डा_जत्रा

'कुणाला दाखवू नका' 😄 झालं, आता सगळं सोलापूर बघणार.

लेथवाला_एमआयडीसी

शंभर टक्के कशावरून? फोटोवरून? जरा दम धरा मालक.

मी नाणी जमवत नाही. माझं अक्कलकोट रोडला लहानसं वर्कशॉप आहे, लूमचे पार्ट करतो. पण डाय आणि प्रेस रोज हाताखाली असतात, म्हणून सांगतो. लाखी होते कशी? छापलेलं नाणं मशिनमधून बाहेर न पडता वरच्या ठशाला चिकटून राहतं. खाली नवी चकती येते. आता त्या बाजूला ठसा नाही, चिकटलेलं नाणंच ठशाचं काम करतं. म्हणून नव्या चकतीवर त्या नाण्याची छाप खोलगट आणि उलटी पडते. दुसऱ्या बाजूला खरा ठसा आहेच, ती बाजू नीट. बरोबर?

आता हे घरी कसं करतात. दोन नाणी एकावर एक ठेवायची आणि वाइसमध्ये पिळायची. हा प्रकार ऐकला होता म्हणून मी करून बघितला. चलनातून गेलेली ॲल्युमिनियमची दोन वीस पैशांची घेतली (चालू नाण्याला हात लावायचा नाही, कायद्याने गुन्हा आहे). पिळल्यावर छाप उलटी येते, पहिल्या नजरेला भारी दिसते. पण नीट बघितलं तर फक्त उंच भाग उतरलेत. आकड्याचा माथा, सिंहांची डोकी. मधली सपाट जमीन एकमेकांना टेकतच नाही, त्यामुळे तिथे मूळ नाण्याची जुनी नक्षी तशीच अर्धवट शिल्लक राहते. आणि जी बाजू वाइसच्या जबड्याला लागली, ती चपटी. मागे चामड्याचा तुकडा घातला तर ती थोडी वाचते, पण मग नाणं पसरतं, कारण बाहेरून धरायला कॉलर नाही. खऱ्या प्रेसमध्ये कॉलर असते, जोर एका दणक्यात येतो, आणि उलटी छाप कडेपर्यंत पूर्ण उतरते, जमिनीसकट.

म्हणून ताई, तीन गोष्टी बघा. उलट्या बाजूला जुन्या नक्षीची सावली आहे का. नीट बाजूच्या राजाच्या मुकुटावरचे मणी चपटे झालेत का. व्यास नेहमीएवढा आहे का, दुसऱ्या पाव आण्यावर ठेवून.

मंगळवार_बाजार

@लेथवाला साहेब, आम्ही बरीच वर्षं या धंद्यात आहोत. हातात घेतल्यावर कळतं.

लेथवाला_एमआयडीसी

हातात कुठे घेतलंय अजून?

कडक_भाकरी

🍿

टांकसाळ_वारी

लेथवाला यांचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवा कुणीतरी. एक भर घालतो. नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि एकामागून एक चकत्या त्याखाली छापल्या गेल्या, तर प्रत्येक दणक्याला ते चिकटलेलं नाणं पसरत जातं. मग पुढच्या लाखींवरची उलटी छाप मोठी, फताडी आणि अस्पष्ट होत जाते. म्हणजे उलटा राजा नीट बाजूच्या राजापेक्षा थोडा मोठा असला तर घाबरू नका. खणखणीत, त्याच मापाचा असेल तर तो चिकटल्यानंतरचा पहिलाच दणका, त्याला मागणी जास्त.

हुरडा_पार्टी

२ रुपयांबद्दल कोणीच बोललं नाही. आकडा दोनदा म्हणजे डबल डाय ना? यूट्यूबवर त्याचेच सगळ्यात जास्त व्हिडिओ आहेत.

टांकसाळ_वारी

बहुतेक नाही. त्या मापाच्या नाण्यांवर ही सावली ढिगाने सापडते. ठसा आपटून वर उचलताना किंचित सरकतो आणि आकड्याची कड खरवडतो. दुसरी रेघ जमिनीलगत, चपटी, पायरीसारखी दिसते. शिवाय मूळ आकड्याची जाडी त्या बाजूने खाल्लेली असते. ठशातच नक्षी दोनदा कोरली गेली असेल तर दोन्ही रेघा गोलाकार, उठलेल्या, आणि आकडा एकूण जाड झालेला. टोकाशी माशाच्या शेपटीसारखी फट दिसते. पहिल्या प्रकाराला भाव दोन रुपये.

हुरडा_पार्टी

म्हणजे चहापण नाही.

सिद्धेश्वर_तळे

थोडं विषयांतर. आमच्याकडे मोहोळजवळच्या शेतात नांगरताना ओंजळभर शिवराया सापडल्या होत्या, आजोबांच्या काळात. त्यातल्या बहुतेकांवर अक्षरं अर्धीच आहेत. 'श्री राजा' दिसतं तर 'शिव' नाही. काहींवर मागे 'छत्र' आहे, 'पति' बाहेर गेलंय. हे सगळे एरर धरायचे का?

टांकसाळ_वारी

नाही. शिवराई हातोड्याने पाडायचे. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, तोही कधी गोल कधी चौकोनी, त्यामुळे मजकुराचा जेवढा भाग तुकड्यावर बसला तेवढाच उमटला. ती त्या पद्धतीची रीत. उलट भाव त्या शिवराईला, जिच्यावर सगळी अक्षरं बसलीत. तिथे अपुरी छाप म्हणजे कमी पैसे.

तुळजापूरकर

सहमत, पण पूर्ण नाही. हातोड्याच्या नाण्यातही चुका होतात. तुकडा हातोड्याखाली हलला आणि अक्षरं दुहेरी पडली, ती चूकच. ठसा कोरणाऱ्याने अक्षर उलटं कोरलं, तीही चूकच. हातोड्याच्या नाण्यात लाखीसुद्धा मिळते. फक्त 'कडेला गेलं' एवढ्यावरून एरर म्हणायचं नाही, एवढंच.

आमच्या भागात दुसराच गोंधळ. तुळजापूर, परांडा हा सगळा निजामाचा मुलूख. सोलापूर ब्रिटिशांचं. त्यामुळे जुन्या डब्यांत निजामाचे हाली आणि ब्रिटिशांचे कलदार दोन्ही रुपये सापडतात. निजामाच्या रुपयावर चारमिनार असतो आणि मधल्या कमानीत उर्दू 'ऐन' अक्षर, उस्मान अलींच्या नावाचं. काहींवर ते ऐन अर्धं आहे, काहींवर पूर्ण. अर्ध्या ऐनचा रुपया 'छापायला चुकला' म्हणून चढ्या भावाने गळ्यात मारतात. तो वेगळा ठसा आहे, जाणूनबुजून वेगळा कोरलेला. चूक नाही, प्रकार.

सिद्धेश्वर_तळे

हे नव्हतं माहीत. आमच्या शिवराया आता कुठे आहेत तेही माहीत नाही, काकांच्या वाटणीत गेल्या.

वकीलबाई

@सिद्धेश्वर_तळे, जमिनीत सापडलेली नाणी हा खाजगी मामला नसतो हे लक्षात असू द्या. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, सापडलेलं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि चिल्लरवाली ताई, तुमच्या पाव आण्यावरचं साल बघा. शंभर वर्षांपेक्षा जुनं असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ती पुरावस्तू. देशात विकायला हरकत नाही, पण परदेशी पाठवता येत नाही. परदेशी वेबसाइटवर टाकायचं कुणाच्या डोक्यात असेल तर ते आधीच काढा.

चिल्लरवाली

दीरांच्या डोक्यात तेच होतं. 😐 त्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. १९१९ दिसतंय साल.

गड्डा_जत्रा

माझ्याकडे दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं आहे, सरळ छापा, खचलेला नाही. होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत जादूगाराच्या स्टॉलवर घेतलं. त्याचं काय?

लेथवाला_एमआयडीसी

जादूगाराकडून घेतलं आणि विचारता काय बे! एका नाण्याला लेथवर आतून पोकळ करायचं, दुसरं बारीक करून त्यात बसवायचं. किनारीच्या आतल्या बाजूने केसाएवढी रेघ शोधा. फरशीवर टाकलं तर आवाजही बद्द येईल.

गड्डा_जत्रा

बद्दच आला. मुलगी रडतीये आता.

अक्कलकोटकर

पंचम जॉर्जचा विषय निघालाच आहे तर १९११ चा डुकराचा रुपया कुणी पाहिलाय का? राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती होता, पण सोंड आखूड आणि पाय बुटके, म्हणून लोकांना डुक्कर वाटलं. बोंबाबोंब झाली, सरकारने रुपये मागे घेतले, बहुतेक वितळवले, आणि १९१२ पासून नीट सोंडेचा हत्ती आला. हा एरर धरतात का?

टांकसाळ_वारी

धरत नाहीत. मशिनने जे सांगितलं तेच केलं, चित्रच तसं होतं. पण मागणी चांगली आहे आणि खोटेही खूप फिरतात. साल १९११ आणि राजा पंचम जॉर्ज, एवढं असलं म्हणजे झालं असं समजू नका. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम भरला पाहिजे, तिथूनच निम्मे गळतात.

मुक्काम_पोस्ट_बाळे

सगळ्यांना एक विनंती. माझ्या वडिलांनी गेल्या वर्षी अशाच नादात पैसे घालवले. वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं. एका वेबसाइटवर फोटो टाकला, लगेच फोन आला, 'तुमचं नाणं आठ लाखांना घेतो, फक्त नोंदणी फी भरा'. मग जीएसटी. मग 'आरबीआयचं प्रमाणपत्र'. बँकेचा लोगो असलेलं पत्रही व्हॉट्सॲपवर पाठवलं. असल्या जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट सांगितलंय की ती असल्या व्यवहारात पडत नाही आणि कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही. वडिलांना ते दाखवलं तेव्हा म्हणाले, 'मग मला आधी का नाही दाखवलंस?' काय बोलणार.

ते वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं आहे, रीतसर काढलेलं, भरपूर सापडतं.

कडक_भाकरी

वाईट वाटलं वाचून. वडिलांना सांगा, ते एकटे नाहीत. आमच्या गल्लीत दोघं फसलेत.

हुरडा_पार्टी

आणि गंमत बघा, हेच लोक दहा रुपयांचं खरं नाणं दुकानात घेत नाहीत. 'चालत नाही' म्हणतात. दहा रेघांचं, पंधरा रेघांचं, रुपयाच्या चिन्हाचं, बिनचिन्हाचं, सगळी चालतात. आरबीआयने २०१८ ला सांगितलं की चौदाही प्रकार चालू आहेत. पण आमच्या नाक्यावरच्या भाजीवालीपुढे आरबीआयचं काय चालतंय.

चिल्लरवाली

सासरे असते तर त्यांनी घेतलं असतं. सुट्ट्या पैशांवरून रोज भांडण व्हायचं गाडीत.

लेथवाला_एमआयडीसी

दहाच्या नाण्यावरून आठवलं. मधला भाग निघालेलं नाणं एरर म्हणून विकतात. हातोडीच्या दोन ठोक्यांत निघतो तो. भोकाच्या आतली कड बघा. ठोकून काढलं असेल तर तिथे ओरखडे आणि एका बाजूला बाहेर आलेली धार असते. आणि बाहेरच्या कड्यावरची अक्षरं जर भोकाच्या कडेशी तुटलेली नसून व्यवस्थित जागेवर आहेत, तर ते मध्यभाग घेऊनच छापलं गेलं, नंतर काढलं. मध्यभाग नसतानाच छापलं असेल तर कड्याचा धातू आत भोकाकडे थोडा वाहतो.

मंगळवार_बाजार

हा मुद्दा बरोबर आहे. मान्य.

कडक_भाकरी

@मंगळवार_बाजार आणि @लेथवाला एका मुद्द्यावर एकत्र. धागा सार्थकी लागला.

बंजारा_टेकडी

आमच्या तांड्यावर बायकांच्या गळ्यात राणीछाप रुपयांच्या माळा असायच्या. माळ मोडली की रुपये सराफाकडे येतात आणि तिथून बाजारात. कडीचं डाख काढून घासलेलं असतं, तरी कडेला फुगवटा राहतो. बाजारात तो 'ठसा तुटल्याचा एरर' म्हणून दाखवतात. ठसा खरंच तुटला असेल तर फुगवट्याखाली मूळ अक्षर नसतंच, तिथे कोरी गाठ असते आणि समोरच्या बाजूलाही छाप कमकुवत पडलेली असते. डाखाच्या खाली मात्र अक्षर दबलेलं सापडतं, आणि रंगही वेगळा. माळेतली नाणी घासून गुळगुळीत असतात, तेही बघा.

टांकसाळ_वारी

उत्तम. याचीच दुसरी बाजू म्हणजे रेघा. नखाला उंच लागली तर ठशाला तडा गेला होता, कारण तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर वर येतो. नखाला खोल लागली तर तो नुसता ओरखडा. एवढ्या एका गोष्टीने अर्धे व्हिडिओ बंद पडतील.

गड्डा_जत्रा

ताई, ते कोरं ५ पैसे आधी पितांबरीने चमकवा, मग फोटो टाका. काहीच दिसत नाहीये.

टांकसाळ_वारी

अजिबात नको!! ना पितांबरी, ना चिंच, ना राख, ना टूथपेस्ट. कुठलंच नाणं घासायचं नाही. पाव आण्याचा तो तपकिरी रंग गेला की लाखी खरी असूनही निम्मी किंमत गेली. आणि पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिक पाकिटात ठेवू नका, तांब्याला हिरवा चिकटा धरतो. पुठ्ठ्याच्या चौकोनी फ्लिपमध्ये ठेवा.

५ पैसे खिडकीशी तिरपं धरा. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन. मग सांगा काय दिसतं.

चिल्लरवाली

चार दिवसांनी येतेय, घरात पाहुणे होते. ओळखीच्या सराफांकडे सगळं नेलं. त्यांनी काटा आणि भिंग दोन्ही दिलं. (पाव आणा बघून म्हणाले, 'तांब्याचं मोडीत घेतो.' मी पिशवीत टाकला.)

२५ पैसे २.२ ग्रॅम भरलं. खाचेच्या समोरची किनार खरंच दबलेली आहे, बोट फिरवलं तरी कळतं. खाचेजवळचं अक्षर पातळ होत गेलंय, तुटलेलं नाही.

रुपया बरोबर ६ ग्रॅम. उलटा म्हणजे उलटाच, सराफांनीही दोनदा फिरवून बघितला.

२ रुपयांवर दुसरी रेघ चपटी आहे, पायरीसारखी. टांकसाळ_वारी म्हणाले तशीच. मुलाला दिलं.

५ पैसे उन्हात तिरपं धरल्यावर एका बाजूला ५ ची पोटाकडची गोलाई पुसट दिसली. दुसरीकडे काहीच नाही. वजन ०.९.

पाव आणा ४.८ ग्रॅम. आता हे नीट लिहिते. नीट बाजूच्या राजाच्या मुकुटावरचे मणी भिंगातून एकेक मोजता येतात. उलट्या बाजूला अख्खा राजा आहे, कडेची इंग्रजी अक्षरंसुद्धा सगळी उलटी वाचता येतात, किनारीपर्यंत. मागच्या बाजूला जे 'वन क्वार्टर ॲना' आणि साल असायला हवं, त्याची सावलीसुद्धा कुठे नाही. साल नाही हे मला आत्ता लक्षात आलं! १९१९ मी दुसऱ्या पाव आण्याचं वाचलं होतं, दोन्ही एकाच पुडीत होते. त्या दुसऱ्यावर ठेवून बघितलं, माप सारखंच.

टांकसाळ_वारी

लाखीवर साल नसणारच, साल ज्या बाजूला असतं तीच बाजू गेली. तुम्ही लिहिलंय ते सगळं खऱ्याच्या बाजूने आहे. पाव आणा मुळात ४.८६ ग्रॅमचा, थोड्या झिजेनंतर ४.८ अगदी ठीक.

२५ पैसे खरं. २.५ चं नाणं, तुकडा गेल्यावर २.२ बसतं. रुपया खरा. ५ पैसे झिजलेलं. नंतरची ५ पैशांची नाणी १ ग्रॅमच्या आसपासच होती, त्यामुळे वजनाचंही कोडं नाही. कंडक्टरच्या बॅगेत आलं तेव्हाच कुणाच्या तरी खिशात वर्षानुवर्षं घासलेलं असणार.

लेथवाला_एमआयडीसी

जमिनीवर जुन्या नक्षीची सावली नाही, मणी शाबूत, व्यास तोच. मग वाइसचं काम नाही. तरी एकदा दुसऱ्या कुणीतरी हातात घेऊन बघावं, ज्याला विकत घ्यायचं नाही त्याने.

मंगळवार_बाजार

मी पहिल्या दिवशी तेच सांगत होतो.

लेथवाला_एमआयडीसी

कारण नव्हतं सांगितलं मालक. आकडा सांगितला होता.

हुरडा_पार्टी

मग किंमत किती? दीर वाट बघत असतील.

तुळजापूरकर

लाख विसरा. रुपयाला आणि २५ पैशांना हौशी माणूस काही शे देईल. पाव आण्याच्या लाखीला त्यापेक्षा बरेच जास्त, हजारांत. छाप इतकी पूर्ण असेल तर वरच्या बाजूला. पण ते लिलावाच्या यादीत मागच्या विक्रीचे आकडे बघून ठरवा, यूट्यूबवरच्या थंबनेलवरून नाही. मागणारे शंभर सांगतात, खरंच विकलं किती गेलं ते बघायचं.

चिल्लरवाली

विकत नाहीये सध्या. नणंदेला '२५ पैसे खरं निघालं' म्हटलं तर म्हणाली, मग ते मला दे, बाबांनी माझ्यासमोर बॅगेतून काढलं होतं. आता हे नवीनच.

वकीलबाई

वाटणीचा सल्ला वेगळ्या धाग्यात. 🙂

टांकसाळ_वारी

ताई, तिन्ही नाण्यांचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो सावलीत, फ्लॅश न वापरता परत टाका. २५ पैशांच्या वर्षाखाली खूण आहे का तेही सांगा, मघाच्या फोटोत तिथे तुमचा अंगठा आहे.

चिल्लरवाली

टाकते. खूण चांदणीसारखी वाटतेय. म्हणजे हैदराबाद ना?

टांकसाळ_वारी

हो, हैदराबाद.